हळदीला निळी साडी

अलिबागच्या साडीच्या दुकानात मी ‘नको’ म्हणाले आणि आमच्या अख्ख्या भावकीचे चेहरे उतरले.

हेमालीची हळद ठरली होती. हेमाली माझी चुलतबहीण, एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या आम्ही. आमच्याकडे हळदीला घरातल्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात. यंदाची पिवळी, जरीच्या काठाची. माझ्या कपाटात मात्र आधीच्या हळदींच्या लाल, जांभळ्या, पोपटी पडून होत्या. एकेकदाच नेसलेल्या.

“काय गो क्रांती, सगल्यांनी घेतली, तुलाच काय झालं?” सोनाआत्या म्हणाली.

“थांब, विचार करून येते.”

ही माझी सवय. काहीही घ्यायच्या आधी वस्तू खाली ठेवायची, बाहेर यायचं, शांत उभं राहायचं आणि स्वतःला विचारायचं — ही मला खरंच हवीय, की सगळे घेतायत म्हणून घेतेय? मी दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून उभी होते, तर शेजारून आवाज आला.

“पैसे कमी पडतायत का? ...म्हणजे, मी देऊ?”

उंच, सावळा, हातात दुकानाची पिशवी आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. मला हसूही आलं, रागही आला.

“पैसे आहेत. माझ्या पगाराचे. म्हणून तर विचार करतेय.”

तो ओशाळला. पिशवी उचलून दाखवत म्हणाला, “आम्ही नवऱ्याकडचे. सगळ्या भावांना सारखी जाकिटं.”

“आवडलं तुम्हाला?”

“अजिबात नाही!”

इतक्या पटकन म्हणाला की दोघंही हसलो. हा हर्षद, हेमालीच्या होणाऱ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मी आत गेले आणि आत्याला पुन्हा सांगितलं, नको म्हणजे नको.

हेमालीकडून नंबर काढून त्याने मेसेज सुरू केले. बुटांचा फोटो, खाली ‘घेऊ का?’ मी लिहायचे, ‘मला काय विचारता? स्वतःला विचारा.’ थोड्या वेळाने उत्तर यायचं, ‘विचारलं. नको म्हणतोय.’ मी फोनकडे बघून एकटीच हसायचे.

एका रविवारी आम्ही मांडव्याच्या जेट्टीवर भेटलो. वारा असा की माझी बट जागेवर राहीना. त्याला मला तिथल्या महागड्या कॅफेत न्यायचं होतं.

“कॉफी हवीय तुम्हाला?” मी विचारलं.

“नाही.”

“मग काय हवंय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “ते सांगायला... जरा धीर लागेल.”

मी घाईघाईने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट. त्याने बोटं चाटून खाल्लं. निघताना मी भाव न करता दोन मोठे गजरे घेतले, तेव्हा त्याने डोळे मोठे केले. “हे चालतं?”

“हे मला हवेत,” मी म्हटलं. मी कंजूष नाही, कुणी तसं समजू नये.

हळदीच्या संध्याकाळी मी माझी आवडती निळी सुती साडी नेसले. मांडवात आमच्या सगळ्या बायका पिवळ्या, मी एकटी निळी. नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. त्यांत हर्षद होता, जाकिटात घामाघूम. फोटोसाठी आम्ही हेमालीभोवती जमलो आणि फोटोवाला ओरडला, “निळ्या साडीवाल्या ताई, जरा बाजूला व्हा!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सोनाआत्या पुढे आली. तिच्या हातात घडी न मोडलेली पिवळी साडी. माझ्यासाठी गुपचूप घेऊन ठेवली होती तिने. “नेसून ये गो पोरी. फोटूत तू न्हाय, असं कसं चालंल?”

ती मायेनं बोलत होती, म्हणून जास्त लागलं. हेमालीच्या फोटोत मी नसणार? नेसावी का... एवढीशी तर गोष्ट. पण आज नेसले असते, तर माझ्या ‘नको’ला पुन्हा कुणी विचारलंच नसतं.

“आत्या, मी हेमालीची बहीण साडीमुळे झालेली नाही,” मी म्हणाले, आणि जाऊन हेमालीला खेटून उभी राहिले. “काढा फोटो.”

फोटोवाला आत्याकडे बघायला लागला. हेमालीने हळदीने माखलेला हात माझ्या कमरेभोवती टाकला. “काढा की! किती वेळ बसू अशी?”

फोटो निघाला. मी बाजूला आले. हर्षद पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

“आपल्या लग्नात,” तो म्हणाला, “ज्याला जे नेसायचं ते नेसू दे.”

“आपल्या?”

“तुझ्या... आणि माझ्या.” त्याचे कान लाल झाले होते. “मला तू आवडतेस क्रांती. खूप.”

“आणि घरी?”

“आईला काल सांगितलं, माझ्या लग्नात एकसारख्या साड्या नकोत. रात्री जेवलीच नाही ती.”

“मग?”

“सकाळी जेवली. मग विचारलं, पोरगी कोण?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, हळदीला चल. एवढ्या बायकांत लगेच ओळखशील.”

त्याने हळूच मान वळवली. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एक बाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती, ओठ घट्ट मिटून.

माझ्या साडीवर हळदीचे डाग पडले होते. मी ते झाकले नाहीत.

“मलाही तू आवडतोस,” मी म्हटलं. “चल.”

आणि भर मांडवात, त्याचा हात धरून, मी त्याच्या आईकडे निघाले.