फाळक्यावरची दुसरी थाप

स्टोव्हच्या पिना द्यायला मी गेलो होतो, एवढंच. दाजींनी अंबडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला होता, पिना आण, एक वायसर आण, आणि शाळेला सुट्टी लागली असेल तर एक दिवस हाताखाली ये. त्र्याण्णवचा मे महिना. दिवा जरा अलीकडे घ्या, सांगतो. गोष्ट थापेची आहे, पण थाप नाही.

दाजी म्हणजे माझी थोरली बहीण प्रभावतीअक्का हिचे यजमान, भुजंगराव. राहायला तीर्थपुरीला. सगळी हयात ट्रक चालवण्यात गेली. लोकांच्या कापसाला त्यांनी मद्रासपर्यंत देश दाखवला आणि बायकोला जालन्याचा बाजार. हे मी म्हणत नाही, अक्काच म्हणायची, तेही त्यांच्या ताटात भाकरी टाकता टाकता. शेवटी दाजींनी धंदा बंद केला आणि तिला रामेश्वर कबूल केलं. गाडीच्या मागच्या हौद्यावर लोखंडी कमानी टाकून ताडपत्री चढवली, आत राहायचं, आतच रांधायचं असा बेत केला. पलंगाच्या मापासाठी अक्का स्वतः जमिनीवर आडवी झाली. म्हणाली, माझा वीतभर आखूड करा, तिथं चटणीची बरणी बसेल.

त्याच वर्षी माघात ती गेली. गाडी आणि गोठ्याची भिंत, या दोन्हींच्या मधे सापडून.

त्यांचं अंगण अरुंद. गाडी मागं घेत घेतच आत आणावी लागे, आणि मागं उभी राहून इशारा द्यायची ती अक्का. रीत एसटीच्या घंटीसारखीच. मागच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या पाडता येणाऱ्या मागच्या झडपेवर, दोन थापा मारल्या की येऊ द्या, एक मारली की बस. पुढं निघतानाही तेच, दोन म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. तिच्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या, त्या थापेबरोबर खळकन वाजायच्या. इतक्या वर्षांत गाडीचा भिंतीला ओरखडा नव्हता.

त्या दिवशी दाजींनी दोन ऐकल्या होत्या. म्हणून त्यांनी गाडी मागं आणली. पंचनाम्याला, दहाव्याला, भेटेल त्याला ते एकच विचारायचे, भिंतीला पाठ लागलेली असताना तिनं दोन कशाला वाजवल्या? मग गावाला तोंड फुटलं. बाईनं जाणूनबुजून जीव दिला असेल, म्हणाले लोक. दाजी तेव्हापासून अर्धे झाले होते.

मी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ट्रक रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभा, आणि अंगणात सगळा संसार मांडलेला. दोन्ही पलंग, पाण्याची टाकी, स्टोव्ह, गोधड्या, पिठाचा डबा, जॅक. दोन ताटं. चटणीच्या बरणीला अक्कानं बांधलेलं फडकं तसंच होतं. लिंबाच्या फांदीला लाल कापडात अस्थींचं मडकं टांगलेलं.

"दाजी, दोन पलंग कशाला?" मी विचारलं.

"तिचा बी बनवून झाला व्हता ना, गुरुजी." ते स्टोव्हला पिन मारत राहिले. "घेऊन चाललो रामेश्वरला. तिथं एकदाच तिला विचारतो अन् मंग सोडतो पाण्यात."

"काय विचारणार?"

"दोन कशाला वाजवल्या."

मी गोधड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

पलंग जड होते, गाडी अंगणात घ्यायलाच हवी होती. दाजींनी मडकं सोडवलं, हौद्यात पुढच्या कमानीला बांधलं आणि स्टिअरिंगवर बसले. "तू मागं थांब. दोन म्हंजे येऊ दे, एक म्हंजे बस. बराबर ध्यानात ठेव."

दुधानं पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी भिंतीच्या बाजूला नाही, चांगला एका कडेला उभा राहिलो. हात लांब करून दोन थापा मारल्या. गाडी सावकाश मागं येऊ लागली. डिझेलचा धूर, तापलेल्या ताडपत्रीचा वास. दिवेलागण झाली होती आणि गावात वीज गेलेली. गोठ्यातली गाय दावं ताणून मागं सरकली. भिंत चार हातांवर आली, तीन हातांवर. मी थाप मारायला हात उचलला.

त्याआधीच थाप पडली.

एकच. बुटक्या बाईचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर. आणि खळकन बांगड्या वाजल्या... अगदी स्पष्ट.

गाडी थांबली. माझा हात वरच होता. फाळका आणि भिंत यांच्या मधे कुणी नव्हतं. मी बघत होतो ना, कुणीच नव्हतं.

मग दुसरी पडली. फाळक्याच्या पलीकडच्या टोकाला, पार वर. कोरडी. तिच्यात बांगड्या नव्हत्या.

गाडी पुन्हा मागं आली. मी जीव तोडून ओरडलो. फाळका भिंतीला टेकला, माती झडली आणि दाजींनी इंजिन बंद केलं.

"दोन कशाला वाजवल्या रे?" उतरता उतरता त्यांनी विचारलं, आणि स्वतःच्याच शब्दांनी जागच्या जागी थिजले.

"या दोन्हींतली एकही मी नाही वाजवली, दाजी," मी म्हणालो. "पहिली बांगड्यांची होती... दुसरी नव्हती."

"काय म्हणला?"

"एकच तिची होती. दुसरी तिची नाही."

ते मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "म्हंजे बस म्हणली व्हती... माझी बाई बस म्हणली व्हती." त्यांनी फाळक्याला कपाळ टेकलं.

"दाजी, दुसरी कोणाची?" मी हळूच विचारलं.

"दुसरीचं काय घेऊन बसला? ती हाये गाडीत. बस, झालं."

बुडत्याला काडीचा आधार, ती काडी मी कशी ओढून घेऊ? तरी मी हात जोडले. दिव्याच्या वेळी निघू नका, सकाळी मी पण येतो, म्हणालो. बिलकुल ऐकलं नाही. गाडी हातभर पुढं घेऊन त्यांनी फाळका पाडला, आम्ही दोघांनी पलंग चढवले, सामान लावलं. बरणी अक्कानं सांगितलेल्या जागेत बरोबर बसली. दाजी हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"येतो, गुरुजी," ते म्हणाले. फाळका लावला, आतून कडी नव्हतीच, बाहेरून घातली.

ट्रक रस्त्याला लागला. मी दारात उभा. लिंब मागं पडला असेल नसेल, तेवढ्यात हौद्यातून थाप आली. बांगड्यांची. एकच.

मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला. गाडी थांबली. मी पळत सुटलो, "दाजी, उतरा" म्हणत.

मी पोचायच्या आत दुसरी पडली. कोरडी.

लाल दिवा विझला आणि गाडी पुढं गेली.