वामनराव आहेत काय घरी?

पटलं तर पटलं. पण यातला एक शब्दही मी रचलेला नाही. रचायला मन थाऱ्यावर लागतं, आणि माझं ते राहिलेलं नाही.

माझं नाव कोकिळा. राहते दारव्ह्यात. गोष्ट सुरू झाली गेल्या एप्रिलात.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

आधी माझ्या बापाबद्दल सांगते. वामन्या. ढाणकीकडची जुनी माणसं अजून त्याचं नाव ऐकून थुंकतात. त्याने घरं लुटली, माणसं मारली. म्हातारी, बाया, कोणालाच सोडलं नाही. शेवटी तो जेलातच मेला. मी प्रेत आणायला गेले नाही.

पण बाप मेला तरी त्याचं नाव मरत नाही. नवऱ्याला कळलं, त्याने सोडलं. यवतमाळात घरमालकाला कळलं, त्याने सामान रस्त्यावर ठेवलं. मग दारव्ह्यात जैबुनबी नावाच्या म्हातारीने तिच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या दिल्या. काही विचारलं नाही. माझी चार वर्षांची सोनू आणि एक शिलाई मशीन... एवढाच संसार.

त्या दुपारी विजेची लाइन गेली होती. सोनू आतल्या खोलीत झोपलेली. मी ब्लाउजला हुक लावत होते.

दार वाजलं.

हळूच...

"वामनराव हायेत काय घरी?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. फार अदबीचा.

माझ्या हातातली सुई पडली. या गावात ते नाव मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

दार उघडलं.

कोणीच नाही. रस्ता उन्हाने पांढरा पडलेला. कडुनिंबाखाली कुत्रं झोपलेलं. त्याने मानही वर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी बाईचा आवाज. आणि तिच्या मागे एक लेकरू खोकत होतं...

मी पळत शेजारी गेले. जैबुनबी दारातच तूर निवडत बसली होती.

"चाची, आत्ता कोण आलतं माह्या दारात?"

"कोनीच नाही, बेटा. मी इथंच बसून राह्यली."

मी तिथेच खाली बसले. रडत रडत त्या हाका, बापाचं नाव, सगळं सांगितलं. वाटलं, आता हीसुद्धा खोल्या खाली कर म्हणेल.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मले मालूम हाये. खोल्या देल्या तवाच मालूम होतं. बापाचं पाप लेकरावर कायले टाकू?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "पन ज्यायले त्यानं मारलं, त्यायले तो मेला हे मालूम नसन. सांगून टाक एकदा."

पुढच्या दुपारी मी दाराआड उभीच राहिले.

आधी चपलांचा आवाज आला. खूप जणांच्या... मग सगळं थांबलं.

"वामनराव हायेत काय घरी?"

"मेला तो!" मी ओरडले. "जेलात मेला! जा तुम्ही!"



मग तोच म्हातारा आवाज. दाराच्या अगदी फटीपाशी.

"मंग घरात कोन हाये?"

सोनूचं नाव तोंडून निघू नये म्हणून, आयुष्यभर लपवलेलं तेच निघून गेलं.

"मी हाये. त्याची पोरगी. एकटीच हाये."

खट्.

बाहेरून कडी लागली.

माझा बाप असंच करायचा. एका घरात शिरायच्या आधी शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालायचा. कोणी मदतीला येऊ नये म्हणून.

जैबुनबीने येऊन कडी काढली.

मी ते घर सोडलं नाही. जाणार कुठे? त्यानंतर कोणी हाक मारली नाही. फक्त अधूनमधून दुपारी कडी लागायची. मी ओरडायचे नाही. जैबुनबी येईपर्यंत सोनूला मांडीवर घेऊन बसायचे.

परवा मात्र बाहेरची कडी वाजलीच नाही.

आतल्या खोलीची वाजली, आतून...

सोनू आत होती.

मी दार बडवलं, लाथा घातल्या. शेवटी बिजागरी उखडली. सोनू भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. त्या कडीपर्यंत तिचा हातही पोहोचत नाही.

"आई, एक आजोबा आल्ते," ती म्हणाली. "मले पुसत होते... तू कोनाची हायेस?"

"मग? तू काय सांगितलं?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तिने अजून मला सांगितलेलं नाही.