नौबादच्या चार्जिंगचा पासवर्ड

नेमकी बिदरशेजारच्या नौबादला येऊनच माझ्या बॅटरीच्या स्कूटरनं मान टाकली. आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलेलं, रिपरिप चाललेली. ढकलत ढकलत चार्जिंगच्या शेडपर्यंत आले, तर तिथला माणूस छत्री घेऊन धावला... आणि छत्री धरली ती स्कूटरवर!

"मी भिजायलेय, ते दिसंना का तुमाला?"

"तुमी वाळताव म्याडम. बॅटरी वाळत न्हाई."

हा व्यंकट. ओठांआधी डोळ्यांनी हसणारा.

मी विजेच्या कंपनीच्या बिदर ऑफिसात. कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू नये, हे बघायचं माझं काम. इथं तर सगळ्या यंत्रांचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता, वर भिंतीवर खडूनं लिहिलेला. मी चिडले.

"आजच बदला. कुणी लांब बसून सगळी यंत्रं हातात घेईल."

"बदलतो की... नाव काय म्हणलाव तुमचं?"

"मंजुश्री. कामून?"

"असंच..." म्हणत तो पाठ करून बटणं दाबत बसला.

त्यानंतर माझ्या स्कूटरची बॅटरी रोज नौबादलाच उतरू लागली. खरं सांगू? पुष्कळदा ती भरलेलीच असायची. त्यालाही ते दिसायचं. तो गुमान तार जोडायचा आणि चहा पुढं करायचा. मी चहा मुद्दाम हळू प्यायची.

एका संध्याकाळी त्याची सगळी यंत्रं आपोआप एकदम चालू झाली, एकदम बंद, परत चालू... त्या हिसक्यांनी अख्ख्या नौबादची लाईन गेली. चौकशी माझ्याकडेच आली. बाहेरून कुणीतरी शब्दांमागून शब्द टाकून बघितले होते आणि त्यातला एक लागला होता.

"कोणता शब्द ठेवला होताव?" मी विचारलं.

"तेवढं सोडून काय बी इच्यारा."

गुलबर्ग्याहून कंपनीचे मोठे साहेब आले. शेडमध्ये रिक्षावाल्यांची गर्दी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पासवर्ड विकलास ना? काय होता ते सांग, नाहीतर पोलिसांत देतो."

व्यंकट खाली मान घालून उभा. एक यंत्र चौकशीसाठी तसंच ठेवलेलं होतं, जुन्याच शब्दावर. नाव विचारून त्यानं केलेली ती पाठ मला आठवली. मी माझं नाव दाबलं.

यंत्र उघडलं.

"विकला नाही, सर. त्यानं माझं नाव ठेवलं होतं."

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. माझे कान तापले, पण मी मान खाली घातली नाही.

पोलीस टळले, त्याची नोकरी मात्र गेली. असा सहज सापडणारा शब्द ठेवणं ही चूक त्याचीच होती आणि तसं चौकशीच्या अहवालात मलाच लिहावं लागलं. लिहिताना मी खूप रडले.

तो कामासाठी हैदराबादला निघाला. मी स्टँडवर गेले, तेव्हाही रिपरिप होतीच. तो बसच्या खिडकीशी बसलेला.

"पावसात कामून आलाव?"

"मी वाळते," मी म्हटलं. "साहेबाला कामून सांगितलाव न्हाई?"

"पोरीचं नाव चारचौघांत कसं घेऊ?"

"यंत्राला सांगितलाव... आता मला सांगा. तोंडानं."

कंडक्टरनं घंटी दिली, बस हलली. मी दोन पावलं सोबत चालले, मग थांबले. तेवढ्यात खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं—

"मंजुश्री, लई जीव हाय माझा तुझ्यावर!"

सगळ्या बसनं ऐकलं. त्यानं मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. माझं उत्तर ओठावर आलं, तोवर बस वळून गेली होती.