नजरेचं रफू

पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसलेला शिवाप्पा कोष्टी टक् टक् बटण दाबत होता, आणि त्या प्रत्येक आवाजासरशी डॉ. कल्याणी तगारेच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. मिरजेजवळच्या कृष्णाकाठ नेत्रसंशोधन केंद्रातली ही अंधारी खोली तिची फार लाडकी. घुमटाच्या मधोमध एक पिवळा ठिपका असतो. नजर तिथेच रोखायची. आजूबाजूला कुठेतरी बारीक दिवा क्षणभर लुकलुकतो. दिसला की बटण दाबायचं. ज्या भागातले दिवे दिसत नाहीत तिथली नजर गेली, इतकी ही चाचणी साधी.

दोन वर्षांपूर्वी शिवाप्पाचा डावीकडचा निम्मा घुमट रिकामा होता. पंचवीस वर्षं घाटात एसटी चालवलेल्या माणसाला स्टिअरिंगवरून उठवून टायरच्या गोदामात बसवलं होतं. आज मात्र पडद्यावर उमटणाऱ्या त्याच्या नकाशात काळा डाग औषधालाही उरला नव्हता.

काचबिंदूसारखा सभ्य चोर दुसरा नाही. दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी जाळी तुंबते, आतला दाब वाढतो आणि मागची नस धाग्याधाग्याने मरत जाते. घरमालक टक्क जागा असतो आणि घर धुऊन नेलं जातं. जुनं लेसर ती जाळी मोकळी करी, दाब उतरवी. पण गेलेली नजर परत आणणं ब्रह्मदेवाच्याही हातात नव्हतं. ते कल्याणीने हातात घेतलं. दाब उतरल्यावर अर्धमेल्या तंतूंना मंद लेसरचे ठोके द्यायचे आणि त्यांना जागं करायचं, अशी तिची पद्धत. या जाग-लेसरखाली तिने सगळ्यात आधी स्वतःचंच डोकं ठेवलं होतं. बापाकडून तिला सरळ नाक, हट्ट आणि काचबिंदू असा वारसा मिळाला होता, आणि डावीकडचं जग तिला ऐन चाळिशीत सोडून गेलं होतं. ते परत आलं. तिच्या घुमटातही आता सगळे दिवे लागत.

तीन महिन्यांपूर्वीच्या बैठकीत तिने विचारलं होतं, "बऱ्या झालेल्या ड्रायव्हरांना गाडी चालवायचे दाखले द्यायला कोणाची हरकत नाही ना?" समोर बसलेले सगळे नाही म्हणाले. डावीकडे, नेहमीच्या खुर्चीत, मेंदूतज्ज्ञ डॉ. सॅम्युएल रणभिसे बसले होते. हा माणूस मुलखाचा अबोल. त्यांचं हो-नाही सगळं मानेनेच. कल्याणीला डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांची मान होकाराची हललेली दिसली. ती त्यांच्या दिशेने हसली आणि तिने सह्या केल्या. शिवाप्पा पुन्हा घाटात गाडी नेऊ लागला.

चाचणी संपली. रणभिसेंनी यंत्र थांबवलं. शिवाप्पा घुमटातून तोंड बाहेर काढून म्हणाला, "झ्याक हाय न्हवं, मॅडम?"

"एकदम झकास. पुढच्या तीन महिन्यांच्या दाखल्यावर आजच सही करते."

तरी शिवाप्पा उठेना. हातातली टोपी तो उगाच फिरवत राहिला. "एक इचारू का? हसणार न्हाई न्हवं?"

"विचारा की."

"घाटाच्या अलीकडं वळणावर एक वड हाय. म्हंजे, हुता. रस्ता रुंद करताना तोडला, पार मुळासकट. कंडक्टर म्हणतोय तोडला, गावची माणसं म्हणत्यात तोडला. पर मी गाडी घेऊन निघालो की वड आपला जाग्यावर. पारंब्या सुदीक हलत्यात. परवा गाडी थांबवून उतरलो, म्होरं हुबा राहून बघितलं, तर निस्ती खडी. पुन्ना शिटवर बसलो, तर डावीकडं वड!" त्याने आवाज खाली आणला. "आन् ती म्हस. वडाखालनं आली असणार. मला दिसलीच न्हाई बगा. एकदम चाकाम्होरंच उगवली. गाडी भरलेली, पलीकडं दरी. बिरेक लागला म्हणून वाचलो समदी. मॅडम, झाडाचं बी भूत हुतंय का वो?"

कल्याणी हसायला गेली आणि थांबली. रणभिसे यंत्रामागे उभे होते. ते म्हणाले, "शिवाप्पा, आणखी एकदा बसता का?"

शिवाप्पाने पुन्हा घुमटात तोंड घातलं. रणभिसेंनी यंत्राची मागची झडप उघडली, आतला बल्ब काढला, कल्याणीला दाखवला आणि स्वतःच्या खिशात टाकला. मधला पिवळा ठिपका वेगळ्या तारेवर होता, तेवढा पेटलेला राहिला. मग त्यांनी यंत्र सुरू केलं. मोटार बारीक कुरकुरत आरसा फिरवू लागली. त्या आरशावर पडायला आता प्रकाशच नव्हता.

टक्.

थोडं थांबून, टक्. टक्.

पडद्यावर नकाशा भरू लागला. उजवी बाजू काळीकुट्ट झाली, कारण तिथे शिवाप्पाने एकदाही बटण दाबलं नाही. डावी बाजू स्वच्छ, पांढरी, निर्दोष.

"मॅडम," घुमटातून आवाज आला, "उजवीकडचं दिवं गेल्यात वाटतं तुमचं. डावीकडचं तेवढं दिसाय लागल्यात. लख्ख!"

त्याला बाहेर चहाला बसवून कल्याणी आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"बल्ब तुमच्या खिशात आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग तो माणूस काय बघतोय?"

रणभिसे आज कधी नव्हे ते भरभरून बोलले. "डॉक्टर, आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो. तिथे भोक दिसतं का आपल्याला? नाही. मेंदू आसपासचं ओळखीचं कापड घेतो आणि तिथे रफू करतो. काचबिंदूतही तेच. म्हणून तर रोग्याला काळं काही दिसत नाही. पण तिथून काही बातमी येत नाही, एवढं मेंदूला ठाऊक असतं. तो रफू कच्चं ठेवतो. माणूस अडखळतो, बिचकतो, मान वळवून बघतो. ती शंकाच त्याला सांभाळते."

"आणि माझ्या लेसरने?"

"तंतू जागे झाले, पण अर्धेच. चित्र पाठवायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. ते नुसती हजेरी देतात. कॉलेजात आपण दांडी मारलेल्या मित्राची हजेरी लावायचो ना, तशी. 'हजर, सर!' सर निर्धास्त. मेंदूची शंका फिटली. आता तो तिथे मनापासून, धाग्याला धागा जुळवून रफू करतो. जिथे जे नेहमी असतं, तिथे ते भरतो. घाटातल्या वळणावर वड असतो, म्हशी नसतात."

"पण घुमटातले दिवे नेहमीचे कसे होतील? त्यांचा क्रम तर..."

वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. बाजारातलं यंत्र दिव्यांचा क्रम दर वेळी बदलतं. तुलना चोख व्हावी, उद्या कोणी बोट ठेवू नये, म्हणून तिनेच तो क्रम कायमचा पक्का करून टाकला होता. सगळ्या रोग्यांना, महिन्यामागून महिना, तेच दिवे त्याच क्रमाने. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. मोटारीच्या कुरकुरीवर मेंदूंनी तो क्रम पाढ्यासारखा पाठ केला होता, आणि ज्यांच्या डोक्यांत ते मेंदू होते त्यांना याचा पत्ताही नव्हता.

"म्हणजे जो जास्त वेळा बसला त्याचा नकाशा जास्त चांगला," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"सगळ्यात जास्त वेळा मी बसलेय, रणभिसे."

रणभिसेंनी तिच्यासाठी घुमटासमोरची खुर्ची ओढली.

"चला, सुरू करा. बल्ब खिशातच राहू दे."

तिने घुमटात तोंड घातलं आणि पिवळ्या ठिपक्यावर नजर रोखली. मोटार कुरकुरली. उजवीकडे दाट, प्रामाणिक अंधार होता. आणि डावीकडे, वरच्या अंगाला, एक दिवा लुकलुकला.

बारीक, पांढरा, टोकदार. रोज दिसायचा तसाच. मग खाली एक. मग अगदी कडेला एक. दिवा नाही हे तिला पक्कं माहीत होतं, पण त्या माहितीचा नजरेवर काडीचा परिणाम होईना. बटण दाबायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बोट आपोआप दाबत होतं. तिला भीती वाटली, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी.

"मला दया नकोय, रणभिसे," ती ओरडली. "बल्ब परत लावलात ना?"

रणभिसेंनी यंत्र बंद न करता हात घुमटात घातला आणि तिच्या नजरेसमोर, पिवळ्या ठिपक्याच्या उजेडात, मूठ उघडली. तळहातावर बल्ब होता. त्या तळहाताच्या डावीकडे पुढचा दिवा लुकलुकला.

आपल्या खोलीत येऊन ती टेबलाशी बसली. रणभिसे नेहमीच्या खुर्चीत बसले. शिवाप्पाचा सही व्हायचा दाखला समोर होता. तो तिने फाडला, आणि मग स्वतःवरचा राग दुसऱ्या कोणावर तरी काढायलाच हवा म्हणून त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"तुम्ही मेंदूतलं जाणणारे. त्या बैठकीत तुमच्या डोक्यात हे आलं नाही? तुम्हीही तर मान डोलावलीत!"



"मी होकार दिला नव्हता, डॉक्टर."

"मी पाहिलं."

"मी नाही म्हणून मान हलवत होतो. एकदा नव्हे, तीनतीनदा. आणखी वर्षभर थांबावं असं माझं मत होतं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि सह्या केल्यात. मला वाटलं, बघूनसवरून डावललंत. राग आला, गप्प बसलो. तोंड उघडायला हवं होतं. ती चूक माझीच."

कल्याणी खुर्चीत मागे टेकली. नेहमी तिथे जे असतं, ते. रणभिसे पूर्वीपासून तिला होकारच देत आले होते. मग नको म्हटलं तरी तिला एकेक आठवू लागलं. उपचार झाल्यापासून बैठकीत डावीकडे बसलेलं कोणीही तिच्यावर नाराज झालं नव्हतं. गाडीत डावीकडे बसणारी मुलगी सतत प्रसन्न असायची. नवरा जेवायला डाव्या हाताला बसे. अलीकडे आमचं फार छान जमतं, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगत आली होती. घरी जाऊन त्या दोघांकडे नीट समोरून बघायचं तिला आता भय वाटलं.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत ती बसून राहिली. सोमवारी दिल्लीत परिषद होती. सगळं आयुष्य त्या एका भाषणासाठी झिजवलेलं. आणि बाहेर, या घडीला, तिच्या सहीचे दाखले खिशात घालून शिवाप्पासारखे कितीतरी ड्रायव्हर भरलेल्या गाड्या हाकत होते, डावीकडे नेहमीचा रस्ता बघत.

मन फार वाईट असतं. भल्याभल्यांचं असतं.

"रणभिसे," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे सोमवारपर्यंत दाबून ठेवलं तर? परिषद होऊ दे. मग दाखले गुपचूप परत मागवू. इतके महिने काही झालं नाही, चार दिवसांत काय होणार आहे? पटतंय ना तुम्हाला?"

डावीकडे, नेहमीच्या खुर्चीत, रणभिसेंनी शांतपणे मान डोलावली.

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने मोठा श्वास सोडला, आणि तेवढ्यात उजवीकडून, दाराजवळून, रणभिसेंचा आवाज आला.

"हॅलो, डेपो मॅनेजर का? कृष्णाकाठ केंद्रातून डॉक्टर रणभिसे बोलतोय. आमचे दाखले असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांना आत्ताच्या आत्ता गाडीवरून उतरवा. हो, सगळ्यांना. जी गाडी घाटात असेल ती आहे तिथे उभी करा."

कल्याणीने मान उजवीकडे वळवली. रणभिसे दारात उभे होते, फोन कानाला. ते केव्हा उठले ते तिला कळलंच नव्हतं. तिच्याकडे बघत ते मान हलवत होते, आडवी. नाही, डॉक्टर, नाही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने हात पुढे केला. "द्या इकडे. सही माझी आहे, मीच सांगते."

फोन घेऊन ती टेबलाशी सरळ बसली आणि एकेक नाव सांगू लागली. एकही नाव तिने गाळलं नाही. रणभिसे उजवीकडे येऊन उभे राहिले, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

आणि डावीकडच्या खुर्चीत बसलेले रणभिसे, तिचं बोलणं संपेपर्यंत, समाधानाने मान डोलावत राहिले.