शेवटच्या खोलीतली जागा

गल्लीत सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाला आधी खुर्चीत बसवून विचारायची, "कधीपासून होतंय?" स्वतः मात्र एका उंच लाकडी स्टुलावर. "कमरेची वाट लावून घेशील," असं बडबडत सासूबाईंनी त्यावर घालायला जुन्या पडद्याची छोटीशी गादी शिवून दिली होती. पिवळी, मधोमध हिरवं बटण. दुकानात देखणं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या सकाळी एक काका आले. निवृत्त बसचालक, नवाकोरा तपकिरी स्वेटर, आणि कडेवर मूल घ्यावं तसा धरलेला कॉम्प्युटर.

"गेम बंद पडतो," ते म्हणाले.

तिने हसू दाबलं. पण काका पुढे बोलले तसं ते आपोआप मावळलं.

"माझा नाही, आमच्या हिचा. गुडघे गेल्यावर ही दिवसभर त्यात घर बांधत बसायची. आमचंच घर, जसंच्या तसं. फक्त शेवटची खोली तिची तिने वाढवलेली. मला फिरकू द्यायची नाही. म्हणायची, पूर्ण झाली की दाखवीन." त्यांनी कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. "दाखवायची राहिली. आता मी त्या खोलीत शिरायला गेलो की दारातच बंद पडतं सगळं. एकदा बघू दे, ताई. दुसरं काही नको."

तिने शिरस्त्याप्रमाणे आधी सगळ्याची नक्कल स्वतःच्या मशीनवर उतरवली. औषध आधी नकलेवर, मग रोग्यावर. गेम सुरू झाला. दार, दाराशी चपला, त्यातली एक उलटी पडलेली.

"माझीच ती," काका म्हणाले. "रोज बोलणी खायचो."

स्वयंपाकघर, बैठक, कुंड्या, मग लांब बोळ आणि टोकाला बंद दार. तिने दारावर क्लिक केलं. चित्र गोठलं, मेमरी अपुरी असल्याची पाटी आली आणि गेम मिटला.

"काका, तुमच्या बसला सीट भरपूर, पण कंडक्टर अर्धीच तिकिटं फाडणार म्हणून अडून बसला तर?"

"तर बाकीच्यांना उतरा म्हणायचं."

"इथे एक जरी जास्त झाला तरी तो सगळ्यांनाच उतरवतो. गेम जुना आहे. मशीनमध्ये जागा कितीही असो, सिस्टिम त्याला ठरावीकच देते."

काकांना पटलं. तिलाच पटेना. एवढ्याशा घराने ती जागा भरायला नको होती. तिने गेम पुन्हा उघडला आणि बोजा कमी करायला कुंड्या काढल्या, पडदे काढले, भिंतीवरच्या तसबिरी काढल्या. गेमने व्यापलेल्या मेमरीचा आकडा तसूभर हलला नाही. तिने गेम थांबवून ठेवला, तर आकडा सावकाश चढू लागला. घरात काहीच हलत नव्हतं, तरी आकडा चढत होता. तिने बदल सेव्ह करून गेम बंद केला आणि पुन्हा उघडला. कुंड्या आपल्या जागी परत आल्या होत्या आणि एकीखाली ताज्या पाण्याचा ओघळ होता.

"काकू गेल्यावर कुणी खेळलं का हे?"

"घरात मी एकटा. मला नुसतं चालू करून त्या दारापर्यंत जाता येतं."

काय भरलंय ते आधी बघायचं, मगच जागा वाढवायची, हा तिचा नियम होता. शिकाऊ पोरांना ती तो कान पिळून शिकवायची. पण काका मांडीवर हात घट्ट धरून पडद्याकडे बघत होते आणि तिला त्यांची दया आली. नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिने जागेची सेटिंग बदलली. आता सिस्टिम गेमला दुप्पट जागा देणार होती.

दार उघडलं.

खोली लहान होती. खिडकीकडे तोंड करून दोन खुर्च्या. एकीत पाठमोरी बाई, सैल अंबाडा. दुसरी रिकामी, तिच्या पाठीवर तपकिरी स्वेटर.

काकांनी आपल्या अंगावरच्या स्वेटरची बाही चाचपली.

"हा तर मी ती गेल्यावर घेतलाय," ते म्हणाले.

तिने पडद्यावरचा स्वेटर त्यांच्या अंगावरच्या स्वेटरशी ताडून पाहिला. काका मात्र हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"जागा धरून ठेवलीये बघ माझी. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी."

त्यांच्या मशीनवरही तिने तोच बदल करून दिला. ते शीळ घालत गेले.

तिला रात्रभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तिने नक्कल सुरू केली. उलटी चप्पल सुलटी झाली होती. बोळ. दार. खोली.

दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.

तपकिरी स्वेटरातला माणूस पाठमोरा बसला होता, दोन्ही हात बसचं चाक धरल्यासारखे पुढे. हे कसं शक्य आहे? ही तिच्या मशीनवरची नक्कल, काकांच्या घराशी हिची एक तारही जोडलेली नाही. तिने मशीनमागची एकेक वायर तपासून पाहिली. मग तिने काकांना फोन लावला.

रिंग वाजली. कानात वाजली, आणि टेबलावरच्या स्पीकरमधूनही वाजली.

तिने फोन कापला. स्पीकर गप्प.

पुन्हा लावला. पुन्हा पडद्यावरच्या खोलीत रिंग.

स्वेटरातला माणूस हलला नाही. बाईने मात्र मान किंचित वळवली, आवाज कुठून येतोय ते बघावं तशी. पडद्यापलीकडे, थेट दुकानात.

फोन तिच्या हातातून मांडीवर पडला. तिने मेमरीचा आकडा पाहिला. दोन खुर्च्या भरल्यावर स्थिर असायला हवा होता. तो चढत होता.

खिडकीपाशी आता तिसरी खुर्ची होती. रिकामी. तिच्यावर काहीतरी पिवळं ठेवलेलं होतं. तिने चित्र जवळ आणलं.

मधोमध हिरवं बटण.

तिने हात सावकाश मांडीखाली नेला. स्टुलाचं लाकूड गार लागलं.