पस्तीस अंशांच्या खाली

विदगावच्या पुलाअलीकडे दिपमाला रसवंतीवर उभी होती, तेव्हा आवाज आधी आला आणि माणूस नंतर. टिक-टिक-टिक-टिक... शिवणयंत्र रस्त्याने चालत यावं तसा. मोटरसायकल थांबली, पण स्वार इंजिन बंद करायचं विसरून फोनवर केळीच्या गाडीबद्दल बोलत राहिला.

तिला राहवेना. "टॅपेट सैल झालेत तुमचे."

त्याने फोन कानावरून काढला. "माझे?"

"गाडीचे."

इंजिनातली झडप आणि तिला दाबणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट असते. ती वाढली की असं वाजतं, हे तिने रस संपेपर्यंत समजावून सांगितलं. वडिलांच्या जुन्या मोटरसायकलची ती फट ती स्वतः अंगणात तपासत असे. जळगावच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि चुकीचं ऐकू आलं की गप्प बसणं तिला जमत नसे. तो ललित. चोपड्याला केळी पिकवायच्या थंड खोल्या सांभाळायचा.

"रविवारी घरी या, करून देते," ती म्हणाली. "फक्त इंजिन थंड हवं. पस्तीस अंशांच्या खाली."

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. घोटाळा तिथेच झाला.

पहिल्या रविवारी तो पंचावन्न किलोमीटर गाडी हाणत सकाळी दहाला दारात आला. इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झालं. तीन तास दोघं लिंबाखाली बसले. दुपारी एकला तापमापक अठ्ठेचाळीस दाखवत होता, आणि सावलीतच त्रेचाळीस होतं.

"भोवतालच्या हवेपेक्षा ते आपोआप थंड होणार नाही," तिने सांगितलं. "समजलं?"

"हो."

"काय समजलं?"

"की मला आता जेवूनच जावं लागणार."

दुसऱ्या रविवारी त्याने इंजिनाला ओलं पोतं गुंडाळून आणलं. वाफा निघत होत्या. दिपमालाने क्षणभर डोळे मिटले.

"तापलेल्या धातूवर ओलं पोतं?"

"आम्ही माठाला गुंडाळतो."

"हा माठ आहे?"

"मॅडम, तुम्ही रागावलात की शेवटचा शब्द फार स्वच्छ म्हणता."

तिची आई, प्रमिलाबाई, ताकाचा पेला घेऊन बाहेर आली. "गाडी बरी शे ना, भाऊ?"

"आजून नही, अक्का," तो म्हणाला. अजिबात दुःखी न होता.

खरा उपाय सोपा होता. गाडी रात्रभर अंगणात ठेवायची आणि पहाटे उघडायची. पण परक्या मुलाची गाडी फाटकाआत मुक्कामाला दिसली असती, तर शेजारच्या सुमनबाईंनी सकाळपर्यंत लग्नाची तारीख काढली असती. हे त्याला सांगायचं कसं... तिने सांगितलं नाही. आता एकच रविवार उरला होता. त्यानंतरच्या सोमवारी ती जळगाव सोडून धुळ्याच्या कॉलेजात रुजू होणार होती, आणि हे ललितलाही ठाऊक होतं. काम राहिलं तर राहिलं. आणि झालं, तर त्याला यायचं कारणच संपलं. या दोन्हींपैकी आपल्याला काय हवंय ते ठरेना, म्हणून ती आठवडाभर स्वतःवरच चिडून होती.

तिसऱ्या रविवारी दारात पिकअप थांबली. मागे दोरांनी बांधलेली मोटरसायकल, अंगभर दव, आणि पिकत्या केळ्यांचा गोड वास.

"काय केलंत?"

"रात्रभर थंड खोलीत ठेवली. केळ्यांबरोबर. आणि वाटेत भोवती बर्फ."

तिने तेलाच्या झाकणातून तापमापक आत सोडला. सतरा.

"सतरा अंश? मी थंड म्हटलं होतं, हिमालय नाही..." बोलता बोलता ती थांबली. बाहेर चव्वेचाळीस. म्हणजे इंजिन आता हळूहळू तापणार. तापता तापता तिशीच्या आसपास, मोजायला हवं तिथे येणार. आणि पस्तीस ओलांडेपर्यंत... बराच वेळ होता. इतकं साधं तिला तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं. ती आणखीच चिडली.

"हसू नका. पाना द्या."

दव वाळल्यावर, अठ्ठावीसवर त्यांनी झाकणं उघडली. तो मागचं चाक फिरवत होता, ती इंजिनाच्या छोट्या खिडकीतून आतल्या चक्रावरची खूण बघत होती.

"आली," तो वाकून बघत म्हणाला.

"ती नाही. खूण दोनदा येते. दोन्ही झडपा मोकळ्या असतील तेव्हाचीच खरी. अजून एक फेरी."

ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी, फिलर गेज, तिने फटीत सरकवली. ढिली. स्क्रू किंचित फिरवला, नट आवळला, पट्टी पुन्हा सरकवली आणि त्याच्या हातात दिली. "ओढून बघा. अडकायला नको, पण हाताला कळायला हवी."

त्याने पट्टी हलकेच ओढली. त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं. दोघांपैकी कुणीच हात काढला नाही, आणि इंजिन एकोणतीसवर गेलं.

"फट अजिबात ठेवली नाही तर?" त्याने विचारलं.

"तापल्यावर धातू फुगतो. मग झडप नीट बंदच होत नाही. थोडं अंतर लागतं."

"चोपडा ते धुळे... तेवढं?"

तिने पट्टी परत घेतली. झाकणं बसवली, बोल्ट आवळले. त्याने किक मारली. इंजिन शांत, गुळगुळीत चालू लागलं. तो ऐकत उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

"झालं म्हणजे," तो म्हणाला. "पुन्हा कधी तपासायचं?"

"तीन हजार किलोमीटरनंतर."

"हं."

तिने हात पुसले. एक एक बोट, नीट. "चोपडा–धुळे येऊन-जाऊन एकशे चाळीस धरले, आणि आठवड्यात एकच फेरी झाली, तर... एकवीस रविवार होतात."

तो बघतच राहिला. "एवढा भागाकार आत्ता तोंडी केलात?"

"नाही." तिने पाने मोजून डब्यात ठेवायला घेतले; त्याच्याकडे बघणं शक्यच नव्हतं. "मंगळवारी केला."

स्वयंपाकघरातून प्रमिलाबाईंचा आवाज आला, "गाडी बरी शे ना, भाऊ?"

ललितने इंजिन बंद केलं. "आजून नही, अक्का," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला डबा घेऊन लिंबाखाली बसला.