भोपळ्याचा श्वास

दुसऱ्या ग्रहांवर जीव शोधण्याचं काम करकरणाऱ्या खुर्चीत बसून चालतं, हे सांगितलं की लोक हिरमुसतात. शंकासुराची खुर्ची तर डावीकडे कलायचीसुद्धा. शंकासुर म्हणजे चष्मा लावणारी, बारीक अंगाची एक बाई. ऑफिसात कोणी ‘आज गुरुवार’ म्हटलं तरी ती कॅलेंडर बघून यायची, म्हणून हे नाव.

तिच्या वाट्याला आलेल्या ग्रहाला लांबलचक क्रमांक होता, पण सगळे त्याला भोपळा म्हणत. रंगाने नारिंगी, आणि दरवर्षी हाती यायचा तोही भोपळाच. तिथून निघालेल्या प्रकाशाला इथवर यायला चाळीस वर्षं लागत. डोंगरावरची दुर्बीण तो रात्रभर गोळा करायची, सकाळी तो संगणकावर उतरायचा, आणि शंकासुर धान्यातले खडे निवडावेत तसे भोपळ्याच्या हवेतले वायू निवडत बसायची.

दुपारी आईचा फोन यायचा.

“सापडलं का गं कोणी?”

“नाही आई.”

“बरं. जेवून घे.”

मग एकदा भोपळ्याच्या हवेत प्राणवायू दिसला. तो वाढायचा, कमी व्हायचा. पुन्हा वाढायचा. वाऱ्यावर, ढगांवर, दुर्बिणीच्या बिघाडावर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आणि शेवटी शंकासुरानेच मान्य केलं, की तिथे काहीतरी श्वास घेतंय. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट मान्य केली होती, आणि ती खरी निघाली तर आजवरच्या माणसांत ही बातमी सांगणारी ती पहिलीच ठरणार होती.

अडचण एकच होती. माणसं गाफील राहू नयेत म्हणून ऑफिसच्या प्रमुखबाई अधूनमधून गुपचूप एकाला ‘चोर’ नेमायच्या. चोराने प्रकाशात जिवाची खोटी खूण मिसळायची आणि तोंडाला कुलूप लावायचं. शोध जाहीर करायची वेळ आली की मगच बाई विचारणार, चोर आहे का कोणी.

शंकासुराचा नवरा त्याच ऑफिसात संगणक सांभाळायचा. तिने त्याला भाजी चिरताना विचारलं, दात घासताना विचारलं.

“तू नाहीस ना रे चोर?”

“अगं, नाही.”

“खरं सांग.”

“तुझ्या गळ्याची शपथ.”

बैठकीच्या दिवशी सगळे जमले. प्रमुखबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, “चोर असेल त्याने उभं राहावं.”

बसमध्ये एखाद्या म्हातारीला जागा द्यायला उठावं, तसा तिचा नवरा उठला.

“श्वासाची लय अस्सल हवी होती,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “म्हणून हिच्या उशीखाली फोन ठेवला. झोपेतला श्वास आहे हिचा. मधेच नाक अडखळतं, तेवढं कापून टाकलं.”

लोक हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. केक आला. सगळ्यात मोठा तुकडा तिला मिळाला.

“नियमच आहे तसा,” घरी तो म्हणाला. “चोराने कबूल करायचं नसतं.”

“गळा माझा होता,” ती म्हणाली, आणि त्या रात्री तेवढंच बोलली.

नवऱ्याने खोटी खूण काढून टाकली. दुसऱ्या सकाळी नवा प्रकाश उतरला. श्वास होताच.

“काढलंस ना सगळं?”

“सगळं काढलं गं.”

आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? दुर्बिणीजवळ मूळ प्रकाशाचं भांडार होतं. तिथे नवऱ्याचा हात पोचत नव्हता. ते फक्त प्रमुखबाई उघडू शकत.

“केक खाऊन झाला ना? सोड आता,” बाई म्हणाल्या, पण त्यांनी उघडून दिलं.

मूळ प्रकाशातही श्वास होता. मधेच अडखळत होता. लहानपणी झोक्यावरून पडून शंकासुराच्या नाकाचं हाड वाकलं होतं, आणि नवऱ्याने कापलेला तो अडखळा इथे शाबूत होता. मंगळवारी रात्री तिला सर्दी झाली. बुधवारी सकाळी भोपळ्यालाही होती. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा शंकासुर जन्मलीही नव्हती.

तिच्या श्वासाखाली आणखी एक होता. संथ, खरखरीत. तो नवऱ्याच्या घोरण्याचा निघाला. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा शोध तिच्या हाती होता, आणि त्याचा पुरावा म्हणजे नवऱ्याचं घोरणं. सांगणार कोणाला?

मग तिने मागच्या महिन्यातला प्रकाश काढला. तेव्हा ती एक आठवडा डोंगरावर, दुर्बिणीपाशी होती.

तिचा श्वास नव्हता. बरोबरच होतं. नवऱ्याचं घोरणं होतं. तिचा श्वास नसल्यामुळे घोरण्यालगतचा तिसरा श्वास आता स्पष्ट दिसत होता. हलका, भरभर.

तिने नवऱ्याला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. “मी नव्हते तेव्हा घरी कोण होती?”

त्याने वाकून ती रेषा बघितली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“कोणी नव्हतं गं.”

“नाव सांग.”

“तुझ्या गळ्याची...”

“पुरे.”

त्याच संध्याकाळी तो बॅग आणि स्वतःची उशी घेऊन भावाकडे राहायला गेला. निघण्याआधी त्याने खाली वाकून पलंगाखाली बघितलं. चप्पल शोधत असेल, असं तिला वाटलं. चप्पल त्याच्या पायात होती.

दारातून तो म्हणाला, “तूही चल. आईकडे जा, कुठेही जा. इथे झोपू नकोस.”

तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन सकाळीच आला. “एकटीच आहेस ना? कोणी आहे का सोबतीला?”

“नाही आई. कोणी नाही.”

संगणकावर रात्रीचा प्रकाश उतरत होता. तिने खुर्ची पुढे ओढली.

घोरणं नव्हतं.

तिचा श्वास होता. शेजारी, अगदी लगत, तो हलका, भरभर चालणारा श्वास होता.

पहाटेकडे तो संथ होत गेला.

एकदा तिचं नाक अडखळलं. क्षणभराने शेजारचा श्वासही अडखळला. नीट जमलं नाही.

पुढच्या खेपेला जमलं.